उंदीर झोपतो तेव्हा

उंदीर हा आमच्या घरचा जुना वैरी. ज्वारीच्या पोत्यांना भोकं पाडण्यापासून आईच्या लग्नातली साडी कुरतडण्यापर्यंत सारे गुन्हे त्याच्याच नावावर आहेत. त्यामुळे मानसशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर उंदराचा मेंदू काढला, तेव्हा मला हसूच फुटलं. लोहारा तालुक्यातल्या खेड्यातून रोज एस. टी.नं यायचं, घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस म्हणून मिरवायचं, आणि शिकायचं काय, तर उंदीर! अण्णांना कळलं असतं तर त्यांनी वह्यापुस्तकांचे पैसे परत मागितले असते.

पण सर पुढं बोलत गेले आणि माझं हसू कधी विरलं ते मलाही कळलं नाही.

मेंदूत दोन्ही बाजूंना समुद्रघोड्यासारखा बाकदार असा एक भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या आठवणी आणि वाटा यांचं पुष्कळसं काम इथं चालतं. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याला उंदराच्या या भागात नवलाच्या मज्जापेशी सापडल्या. उंदीर एका ठरावीक जागी आला की एक ठरावीक पेशी चेतते. पुढं सरकला की दुसरी. जणू प्रत्येकीनं आपापलं अंगण वाटून घेतलेलं! उंदीर चालत असतो तोवर तिथं सेकंदाला सहा ते दहा ठोके असा ठेकाही चालू राहतो. ओकीफ यांना यासाठी २०१४ चं नोबेल विभागून मिळालं.

आता उंदीर झोपला, म्हणजे या पेशींनी गप्प बसायला हवं. त्या बसत नाहीत. डोळे मिटलेले, पाय थांबलेले, बाहेरून कुणाची हाक नाही, आणि तरी एकाएकी हजारो पेशींची लाट उठते. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढी टिकते आणि ओसरते. थोड्या वेळानं पुन्हा उठते. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी दाखवलं, की जागेपणी ज्या पेशी जोडीनं चेतल्या होत्या, त्याच झोपेतही जोडीनं चेततात. उंदीर चाललेली वाट झोपेत पुन्हा चालतो म्हणा ना! पॅरिसमध्ये २००९ साली या लाटा उठताक्षणीच विजेच्या बारीक धक्क्यानं मोडून पाहिल्या, तर त्या उंदरांना वाट शिकायला जास्त दिवस लागले.

मेंदूच्या या भागाचा पातळ काप काढून खारट पाण्यात, प्राणवायू देऊन जिवंत ठेवला, तरी त्यात लाटा उठत राहतात. आठवडाही न झालेल्या, डोळे न उघडलेल्या पिल्लांच्या मेंदूतही अशीच आंदोलनं १९८९ साली सापडली. पाळणा आहे, हलतो आहे, आणि दोरी कुणाच्याच हाती नाही! सरांनी त्याचं कारण सांगितलं. इथल्या पेशी एकमेकींना फार गुंतलेल्या असतात. एक चेतली की शेजारणी चेततात, मग आवर घालणाऱ्या पेशी साऱ्यांना गप्प करतात. रात्री एका वस्तीवरचं कुत्रं भुंकलं की सारं शिवार भुंकतं आणि मग चिडीचूप होतं, तसंच.

मला आज्जी आठवली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चाराला चार मिनिटं कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं गाव पडलं. आज्जीची सहा वर्षांची लेक, म्हणजे माझी आत्या, दगडमातीच्या भिंतीखाली राहिली. अण्णा तेव्हा नऊ वर्षांचे होते. लहानपणीच्या आघाताचा मेंदूवर काय ठसा उरतो, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य उंदरांवरच अभ्यासतात. अण्णा त्या रात्रीविषयी बोलत नाहीत. एवढंच मला ठाऊक आहे.

मग नवं गाव वसलं. सरळ रुंद रस्ते, एकासारखं एक घर. मी इथंच जन्मले. दोन वर्षांपासून आज्जीला स्मृतिभ्रंश आहे, आणि हा आजार बहुधा त्या समुद्रघोड्यालाच आधी गाठतो. ती मला आत्याच्या नावानं हाक मारते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती गल्लीत चुकली, तेव्हा मी चारचौघांत तिच्यावर ओरडले, "तिसऱ्या गल्लीतलं चौथं घर, एवढंही ध्यानात राहत नाही?"

"समदी घरं सारखीच दिसायलीत गं माय," ती म्हणाली. अजून ते वाक्य कानात आहे.

रात्री मात्र ती झोपेत पुटपुटते. वेशीतून आत... पाराला वळसा... सुताराचं घर... पायांची बोटं हलत असतात. मी सरांना विचारलं, ही तीच लाट का? सर म्हणाले, "उंदरावरून आज्जीवर एकदम उडी मारू नकोस. असं कुणी सिद्ध केलेलं नाही." बरोबरच आहे. तरी मी तिचे शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपत गेले आणि कधीही न पाहिलेल्या गावाचा नकाशा तयार झाला.

दिवाळीच्या सुट्टीत तिला जुन्या गावात नेलं. ढिगारे आणि वेड्या बाभळी. माझ्या नकाशात पारापासून डावं वळण होतं. मी तिला तिकडं ओढू लागले, तर तिनं हात सोडवून घेतला आणि उजवीकडं वळली. न अडखळता चालत गेली. एका दगडी उंबऱ्यापाशी थांबली, चपला काढल्या.

"हळू बोल," ती म्हणाली, "पोरगी निजलीय."

मी वही मिटली आणि माझ्याही चपला काढल्या.