मिनूला घरातच राहू दे

सांगली

चि. सायली हिस,


ताईचा फोन आला होता. बाळाची बातमी सांगताना तिचा आवाज भरून आला आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली, "आता ते मांजर कुणाला तरी देऊन टाकायला सांग तिला. तुझं ऐकेल ती." तिची काळजी खोटी नाही. गरोदर बाईनं मांजराच्या बाबतीत जपावं, या सांगण्यामागे खरा आजार आहे. पण मांजर घराबाहेर काढणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे. रक्ताचे नमुने तपासण्यातच माझी सगळी नोकरी गेली, म्हणून ही हकिगत तुला नीट सांगते. तिचा कळीचा भाग तर तुझ्या ग्लासगोतच घडला आहे.

आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. त्याचा परजीवी 1908 मध्ये ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये निकोल आणि मांसो यांना गुंडी नावाच्या, उंदराच्या कुळातल्या प्राण्यात सापडला. माणसाच्या बाळाशी त्याचा संबंध लागायला पुढे तीस वर्षं गेली. 1938 मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेली एक मुलगी महिन्याभरात दगावली. तिच्या मेंदूत हाच परजीवी असल्याचं वुल्फ, कोवेन आणि पेज यांनी दाखवून दिलं. आईला लागण झाली तर तो वारेतून बाळापर्यंत पोचतो, हे त्यातून कळलं. 1948 मध्ये सेबिन आणि फेल्डमन यांनी रक्ताची चाचणी शोधून काढली. सेबिन म्हणजे पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब ज्यांनी दिले तेच. चाचणी हाती आल्यावर लक्षात आलं, की कितीतरी धडधाकट माणसांच्या रक्तात याची प्रतिपिंडं आहेत. बहुतेकांना हा आजार होऊन जातो आणि कळतही नाही.

मग तो येतो कुठून? पहिला संशय मांसावर गेला आणि तो बरोबरही होता. पॅरिसजवळच्या एका आरोग्यधामात मुलांना कमी शिजवलेलं मांस देत. डेमों आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये तिथला हिशेब मांडला. एरवी वर्षाला शंभरातल्या दहा मुलांना लागण व्हायची. गाईचं किंवा घोड्याचं अर्धकच्चं मांस वाढवल्यावर ती पन्नासांना झाली, आणि कोकराचंही दिल्यावर शंभरच्या शंभरांना. पण आपल्या मुंबईनं त्याआधीच कोडं घालून ठेवलं होतं. 1959 मध्ये तिथल्या शाकाहारी आणि मांसाहारी लोकांचं रक्त तपासलं, तर दोघांतही लागणीचं प्रमाण सारखंच निघालं. ज्यांनी जन्मात मांसाला हात लावला नाही त्यांना आजार कुठून आला?

उत्तर सापडलं तुझ्या गावात. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या विल्यम हचिसन यांनी मांजरांना हा परजीवी खाऊ घातला, त्यांची विष्ठा वर्षभर पाण्यात ठेवली आणि मग ती उंदरांना दिली. उंदरांना लागण झाली! एवढा काळ हा नाजूक जीव पाण्यात तगलाच कसा? मांजराच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांत तो लपत असावा, असं आधी त्यांना वाटलं. पण जंत नसलेल्या मांजरांकडूनही लागण होऊ लागली, तेव्हा तो तर्क सोडावा लागला. 1970 च्या सुमारास हचिसन यांच्यासह अनेकांनी खरा प्रकार उलगडला. अमेरिकेतल्या फ्रेंकेल यांच्याबरोबर भारतात जन्मलेले पशुवैद्य जे. पी. दुबे त्यात होते, याचा मला फार अभिमान वाटतो. परजीवीच्या टणक कवचाच्या बीजपेशी, म्हणजे ऊसिस्ट, फक्त मार्जारकुळातल्या प्राण्यांच्याच आतड्यात तयार होतात. विष्ठेतून त्या मातीत, मातीतून भाजीपाल्यावर आणि पाण्यात जातात. मुंबईचं कोडं असं सुटलं.

आता तुझ्या कामाचं सांगते. मांजर या ऊसिस्ट बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे टाकतं. ताज्या विष्ठेतल्या ऊसिस्टपासून लागण होत नाही. त्या पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटरचा ट्रे रोज साफ झाला तर धोका जवळजवळ संपतो. ते काम बाळ येईपर्यंत निखिलनं करायचं. कधी तुझ्यावर वेळ आलीच, तर हातमोजे घाल आणि नंतर साबणानं हात धू. मिनू घरातच राहते, शिकार करत नाही, डब्यातलं खाणं खाते, म्हणजे तिला लागण होण्याचा संभव आधीच थोडा. तिला कच्चं मांस मात्र देऊ नका. तिला जवळ घेतल्यानं, कुरवाळल्यानं काही होत नाही.

मिनूपेक्षा मला काळजी वाटते ती तुझ्या ताटाची आणि बागेची. आतून गुलाबी राहिलेलं मांस खाऊ नकोस. सॅलडची पानं नीट धू. बागेत माती उकरायची तर हातमोजे हवेतच, कारण शेजारपाजारची मांजरं तिथे येऊन जातात.

तुमच्याकडे गरोदरपणात या आजाराची तपासणी सरसकट करत नाहीत, म्हणून तुझ्या मिडवाइफला आपणहून विचार. पूर्वीच लागण होऊन गेली असेल, तर प्रकृती एरवी चांगली असताना बाळाला सहसा भय नसतं. झालेली नसेल, तर वरची पथ्यं मनापासून पाळ. या महिन्यांत नव्यानं लागण झाली तर मात्र ती गंभीरपणे घ्यायची. सुरुवातीच्या महिन्यांत ती बाळापर्यंत क्वचित पोचते, पण पोचली तर इजा मोठी करते. त्यावर औषधं आहेत, तेव्हा ताप येऊन मानेत गाठी आल्या तर अंगावर काढू नकोस.

मांजराकडून इतरही काही येऊ शकतं. अंगावर गोल चट्टा उठला तर गजकर्ण असेल. ओरखड्यातून ताप येऊ शकतो, आणि त्याचा जंतू मांजरांत पिसवांमुळे पसरतो. म्हणून पिसवांचं औषध चुकवू नका आणि ओरखडा लगेच साबणानं धुवा.

ताईला मी आज हे सगळं समजावणार आहे. मुकं जनावर भीतीपोटी घराबाहेर जावं, आणि खरा धोका धुतल्याशिवाय ताटात तसाच राहावा, हे मला पटत नाही. तपासणीचा निकाल आला की कळव. निखिलला आशीर्वाद.

तुझी,
मावशी