स्मरणचित्राचा तास

इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय दिलेला असतो, आठवडी बाजार म्हणा, एसटी स्टँड म्हणा, आणि मनानं चित्र काढायचं असतं. आमच्या शाळेत त्यासाठी ठरावीक माणसं घोटून घेत. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, तराजू धरलेला भाजीवाला, पाठमोरा मुलगा. हीच मंडळी बाजारात बसत आणि स्टँडवर उभी राहत. मला अ श्रेणी मिळाली. पण आमच्या बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसणारी आजी, जिचे गुडघे हनुवटीला लागायचे, ती माझ्या कागदावर कधी आली नाही.

पुढे चित्रकला शिक्षिका व्हायला ए.टी.डी. केलं, मग ए.एम. फलकलेखन, अक्षरलेखन, पाठटाचण. हात चांगला तयार झाला. मूल चित्र कसं काढतं आणि पुढे काढायचं का थांबतं, हा प्रश्न मात्र मला पाचवीच्या वर्गानं घातला.

एका मुलीनं विहीर काढली होती. वरून दिसावी तशी गोल, आणि पाणी शेंदणाऱ्या बायका चारही दिशांना आडव्या, पाय काठाला टेकलेले. कागद फिरवत फिरवत तिनं प्रत्येकीला तिच्या जागी सरळ उभी केली होती. अशा चित्रांचा अर्थ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालीच ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’मध्ये लावून ठेवला आहे, हे मी फार नंतर वाचलं. मूल आधी त्याला ठाऊक असलेलं काढतं. नवव्या-दहाव्या वर्षापासून त्याला ‘खऱ्यासारखं’ हवं होतं आणि स्वतःचं चित्र त्याच्या मनातून उतरायला लागतं. आठवीत तीच मुलगी खोडरबरानं कागदाला भोक पडेपर्यंत खोडायची. म्हणायची, “बाई, मला नाही येत चित्र.”

तेव्हापासून कलाशिक्षणात मास्टर्स करायचं मनात आहे. दिल्लीत जामिया मिलियामध्ये तो अभ्यासक्रम आहे. म्हणजे बिनपगारी रजा, सासूबाईंचं दुखणं, मुलाची दहावी. सहकारी विचारतात, “आता पदवी घेऊन पगारात काय फरक पडणार?” फारसा नाहीच पडणार.

माझी खरी अडचण देवी प्रसाद आहेत. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस सेवाग्रामला नई तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवत राहिला आणि मुलांच्या चित्रांवर त्यानं जे लिहिलं ते त्या वर्गातून आलं. मग मलाच दिल्ली कशाला हवी? यावर मी पुष्कळ विचार केला. त्यांच्या पाठीशी शांतिनिकेतनची तालीम होती, आणि सेवाग्रामला शिक्षणाचाच ध्यास घेतलेली माणसं सोबतीला होती. माझ्या शाळेत चित्रकलेची मी एकटी, आणि सहामाही जवळ आली की माझा तास गणिताला जातो. मुलांची चित्रं वर्षानुवर्षं कशी अभ्यासायची, आठवीतल्या त्या मुलीशी नेमकं काय बोलायचं, हे प्रश्न ज्यांना पडतात त्यांच्यात बसून मला शिकायचं आहे. एकटीनं पुस्तकं वाचून ते होत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

मुलाची दहावी मार्चमध्ये संपेल. घरी बोलणं झालं आहे. नणंद काही महिने येऊन राहायला तयार आहे. अर्ज याच वर्षी भरणार. प्रवेश नाही मिळाला तर पुढच्या वर्षी पुन्हा भरीन.