अल्पकाळ, दीर्घकाळ आणि रोठा सुपारी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. आमची मुलं ज्या गावांतून कॉलेजला येतात तिथले विजेचे खांब आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, मोबाइलची रेंज गेली. टाळेबंदी मार्चपासून होतीच. पुढे ऑनलाइन तासिकांचं वेळापत्रक हातात आलं, तेव्हा रोज चार-चार तास व्हिडिओवर शिकवणं इथे चालणार नाही, हे मला दिसत होतं. घरात स्मार्टफोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर. संध्याकाळी मिळाला तर रेंजसाठी सड्यावर जायचं. अशा मुलाला ‘कॅमेरा चालू ठेव, नाहीतर गैरहजेरी’ असं बजावणं मला अन्यायाचंच वाटतं.

मी द्वितीय वर्ष बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवते. तासाभराचा व्हिडिओ शेकडो एमबी खातो. दहा मिनिटांचा नुसता आवाज साध्या दर्जात अडीच एमबीत बसतो. म्हणून मी एका वेळी एकच मुद्दा घेऊन सात-आठ मिनिटांचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागले, सोबत हाताने काढलेल्या आलेखाचा फोटो. ‘वही उघडा, उभ्या अक्षावर किंमत लिहा, झालं की मगच पुढे ऐका,’ असं मध्येच थांबवायचं. शेवटी एक प्रश्न. उत्तर स्वतःच्या अक्षरात लिहून आठवड्याभरात कधीही फोटो पाठवायचा. साधा फोन असलेल्यांना मी स्वतः फोन करायची. त्यांचा कागद शेजारचं कुणीतरी पाठवायचं.

ही रीत मला मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांनी शिकवली. १९८९ साली नाशिकला ते विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा आपल्याकडे इंटरनेट नव्हतं. समोर शिक्षक नाही हे धरूनच ती पुस्तकं लिहिलेली असतात. थोडं वाचलं की स्वयं-अध्ययनाचा प्रश्न येतो आणि हातात पेन घ्यावंच लागतं.

पुरवठ्याच्या लवचिकतेला आले तेव्हा पाठ्यपुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि विचारलं, “रोठा सुपारीचा भाव वाढला तर तुमच्या गावातून जास्त सुपारी बाजारात येईल का?” एका मुलीने लिहिलं, “मॅडम, वाडीच पडली तर माल आणणार कुठून? नवी पोफळ लावली तरी धरायला कितीतरी वर्षं जातात.” कोळीवाड्यातल्या मुलाचं उत्तर वेगळं होतं: मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, पण होडी दुरुस्त झाल्याशिवाय भावाचा काय उपयोग?

अल्पकाळ आणि दीर्घकाळ हा भेद वर्गात फळ्यावर दोन वक्र काढून मी अनेकदा शिकवला आहे. इतका नेमका तो कुणी मला परत सांगितला नव्हता. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये मी ही दोन्ही उत्तरं वाचून दाखवली आणि सांगितलं, आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या ग्रंथात हाच भेद समजावताना मासेमारीचाच दाखला घेतला आहे. रोजच्या हवामानाने होणारी चढउतार वेगळी, आहे त्या साधनांत वर्ष-दोन वर्षांत वाढवता येणारी मासेमारी वेगळी, नव्या होड्या आणि नवे खलाशी तयार व्हायला लागणारा काळ त्याहून वेगळा. त्या आठवड्यात वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलांचेही कागद आले. कुणी व्यापाऱ्याला फोन करून भाव विचारले होते, कुणी आजोबांकडून जुन्या वादळानंतरच्या लागवडीची माहिती घेतली होती.

प्रत्येकाला नावाने मिनिटभराचं उत्तर बोलून पाठवायचं, आणि तेही दोन दिवसांत, हे मात्र मी कटाक्षाने पाळलं. दूर बसलेल्या मुलाला शिक्षक आहे हे त्या मिनिटभरातच कळतं. उशीर झाला की पुढचा कागद येत नाही. व्याख्यान रेकॉर्ड करण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ यात जातो. साठ मुलांपर्यंत हे निभतं, एकशेवीसना एकटीने निभत नाही. म्हणून हे तास कार्यभारात धरावेत आणि मोठ्या वर्गाला दोन शिक्षक द्यावेत, असं मी प्राचार्यांना लेखी दिलं आहे.