पाणी खोल गेले, हक्काचे काय?

२०२४ च्या वैशाख पौर्णिमेला धाकट्या बहिणीकडे, केज तालुक्यात जायचे ठरले. सोबत मुलगा होता. बीडहून सोलापूर रस्त्याने निघालो आणि त्याला खजाना विहीर दाखवावी म्हणून वाटेत उतरलो.

सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात सलाबत खानाने ही गोल विहीर बांधली. तिचे पाणी जमिनीखालच्या दगडी वाटेने, केवळ उताराच्या जोरावर शेतापर्यंत जाई. ना मोटार, ना वीज! दुष्काळातही ती आटत नाही, असे जुनी माणसे सांगतात.

त्याच रस्त्यावर पुढे पालीजवळ बिंदुसरा तलाव लागला. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला. पाणी काठापासून दूर सरकले होते आणि गाळाला भेगा पडल्या होत्या. मुलगा म्हणाला, "पप्पा, पाणी गेलं कुठं?"

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. खाली काळा पाषाण. पाणी साठते ते फक्त त्याच्या वरच्या मुरमाड थरात आणि फटींत. पूर्वी चार-चार दिवस झड लागे, पाणी हळूहळू मुरे. आता जगाची हवा तापत आहे. तापमान एक अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के जादा बाष्प मावते. म्हणून आठवडेच्या आठवडे कोरडे जातात आणि मग दोन दिवसांत धो धो कोसळते. ते पाणी मुरत नाही, माती घेऊन वाहून जाते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच जिल्ह्यात सिंदफणेला पूर आला आणि उभी पिके गेली.

मांजरसुंब्याहून केजकडे वळलो. याच तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण २०१६ मध्ये कोरडे पडले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. शहराला रेल्वे मिळाली. वस्ती टँकरची वाट बघत राहिली.

बहिणीच्या वस्तीतला हापसा नुसती हवा फेकत होता. पलीकडच्या मळ्यात खोल बोअर होता आणि तिथून घागरीला पैसे मोजून पाणी येत होते. बहीण म्हणाली, "दादा, आडावर आता कुणी अडवत नव्हतं. पण आडच आटला. बोअरवाल्याला काय बोलावं? त्याचं रान, त्याची मोटार."

हे बोल मनाला लागले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते तळे सार्वजनिक होते म्हणून. १९३७ साली मुंबई हायकोर्टानेही आपल्या बाजूने निकाल दिला. पण पाणी सातशे फूट खाली गेले की ते सार्वजनिक राहत नाही. ज्याच्याकडे जमीन आणि पैसा, त्याचे होते. आई सांगायची, ७२ च्या दुष्काळात धान्य नव्हते, पण आडात पाणी होते. आता रेशनचे धान्य मिळते, पाणी विकत घ्यावे लागते.

बांधवांनो, शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घेण्यास राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने मनाई आहे. ग्रामसभेत याचा जाब विचारा. वस्तीच्या हापशाजवळ पाणी मुरवण्याचा खड्डा मागा, जुन्या आडाचा गाळ काढायला लावा. आणि ग्रामसभेला आपल्या आया-बहिणींना पुढे बसवा. घागर त्यांच्याच डोक्यावर आहे.