माहुलीच्या धारेवर

भिवंडीजवळच्या टेमघराचें नांव काढलें कीं, कल्याण रस्त्यावरील मालमोटारींची रांग, धूळ आणि गल्लोगल्लीं चालणारे यंत्रमाग हींच ऐकणाऱ्याच्या मनांत प्रथम येतात. हें चित्र खोटें नव्हे. परंतु याच टेमघरांत उल्हास नदीचें पाणी शुद्ध करून आसपासच्या शहरांस पुरविणारें केंद्र आहे, ही गोष्ट तेथें राहणाऱ्यांच्याही सहसा ध्यानांत नसते. नळ सोडला कीं पाणी येतें, एवढेंच आपण जाणतों. तें कोणत्या डोंगरावर पडलें व कोणत्या दरीनें खालीं उतरलें याचा विचार करावयास सवड कोणास आहे? आमच्या घरांत हा प्रश्न निघाला तो मुलांच्या भूगोलाच्या अभ्यासावरून, आणि त्याची परिणती अशी झाली कीं, फाल्गुनांत होळीच्या आठ दिवस आधीं आम्ही नऊ जणांनीं माहुलीचा डोंगर चढावयाचें ठरविलें.

माहुली हा शहापूर तालुक्यांतील सुमारें २८०० फूट उंचीचा किल्ला. किल्ला म्हणण्यापेक्षां ती एक लांबच लांब डोंगरधार आहे असें म्हणणें अधिक योग्य. मध्यें माहुली, उत्तरेस पळसगड व दक्षिणेस भंडारगड असे तीन गड या एकाच धारेवर वसलेले असून खिंडींनीं ते एकमेकांपासून तुटलेले आहेत. या डोंगराच्या एका अंगाचें पाणी तानसेकडे जातें. दुसऱ्या अंगाचें भातसेकडे वाहत जाऊन पुढें काळू नदीमार्गें उल्हासेस मिळतें. तानसेचें धरण १८९२ सालीं पुरें झालें व तेव्हांपासून मुंबई तें पाणी पीत आहे. म्हणजे या एका डोंगराच्या दोन्ही उतारांवर केवढ्या वस्तीची तहान अवलंबून आहे हें पाहावें!

इतिहासांतही माहुलीचें नांव लहान नाहीं. निजामशाही वांचविण्याची शहाजीराजांची शेवटची धडपड याच गडावर संपली. १६३६ सालीं मोगल व आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा वेढा पडल्यावर त्यांस गड सोडून तह करावा लागला. पुढें शिवाजीमहाराजांनीं १६५८ सालीं तो घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोगलांस दिला, आणि १६७० सालीं परत मिळविला. तोही एका हल्ल्यांत नव्हे. फेब्रुवारींतील पहिला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड यानें परतवून लावला. त्यानंतर जूनमध्यें मोरोपंत पिंगळे यांनीं गड काबीज केला.

कसाऱ्याच्या गाडीनें आसनगांवीं उतरून आम्ही सायंकाळीं पायथ्याच्या माहुली गांवांत पोंचलों. रात्र एका घरच्या ओटीवर काढली. मंडळींत माझे थोरले बंधु, ज्यांस आम्ही सारे दादा म्हणतों, वहिनी, पुतण्या व सूनबाई, दोन भाच्या, धाकटा भाऊ, माझी पत्नी आणि मी. दादांचें वय त्रेसष्ट. वाटाड्या म्हणून गांवांतील एक ठाकर गडी बरोबर घेतला. त्यानें निघतांना आमच्या पाठीवरील पिशव्या एकेक करून उचलून पाहिल्या आणि खाण्याचे दोन डबे बाहेर काढावयास लावून त्यांच्या जागीं पाण्याच्या बाटल्या भरविल्या. "वर टाकं हाय, पन या दिवसांत त्याचा भरवसा धरूं नका," असें तो म्हणाला. माणशीं तीन याप्रमाणें सत्तावीस लिटर पाणी आम्ही घेतलें.

पहांटे साडेपांचास चढण लागली. प्रथम सागाचें व ऐनाचें रान, पानगळीमुळें विरळ झालेलें. पायांखालीं वाळलेल्या पानांचा असा आवाज कीं बोललेलें ऐकूं येऊं नये. मग कारवीचे दांडे, मग उघडा कातळ. मधूनमधून पानें झडलेल्या रानांत पळस मात्र नखशिखांत फुललेला. दादांचा गुडघा दुसऱ्या टप्प्यावरच कुरकुरूं लागला. वाटाड्यानें न सांगतां त्यांस पुढें घेतलें व आपण त्यांच्या मागें राहिला. सर्वांत हळू चालणारा पुढें असला म्हणजे रांग तुटत नाहीं, हा त्याचा साधा नियम. माथ्याजवळची लोखंडी शिडी चढून आम्ही वर आलों तेव्हां साडेनऊ वाजून गेले होते.

टाकें पाहिलें. पाणी तळाशीं गेलेलें, वर हिरवी साय. वाटाड्यानें मान हलविली. आमच्याजवळ पंधरा लिटर उरलें होतें.

येथेंच पेंच पडला. पुतण्यास व भाच्यांस आधीं उत्तरेचा पळसगड व मग दक्षिणेचा भंडारगड असे दोन्ही करावयाचे होते. पुतण्या पुढल्या महिन्यांत नोकरीनिमित्त परदेशीं जावयाचा होता. पुन्हां केव्हां येणें होईल हें त्याचें त्यासही ठाऊक नव्हतें. दादा म्हणाले, "तुम्ही जा. आम्ही दोघें दरवाज्याच्या देवडींत सावलीस बसतों." मुलांनीं तें मान्य केलें. परंतु वहिनी, ज्या एरव्हीं चार माणसांत दादांच्या शब्दापुढें शब्द काढीत नाहींत, त्या म्हणाल्या, "वाटाड्या एक आहे. तो तुमच्याबरोबर गेला आणि इकडे यांचा पाय सुजला, तर मीं कोणास हांक मारावी?"

पुतण्या म्हणाला, "काकू, तीन तासांचा तर प्रश्न आहे."

"पाणी किती तासांचें आहे तें आधीं मोज," वहिनी म्हणाल्या.

दहा माणसें, पंधरा लिटर आणि पुढें फाल्गुनांतील दुपार. हिशेब कोणासही कळण्यासारखा होता. दादा हंसून म्हणाले कीं, शहाजीराजांनींही हा गड वेळीं सोडला म्हणूनच पुढें तो घेणारा मुलगा राहिला. पुतण्या उत्तरला, "त्यांस परत येण्यास वेळ होता, दादा. मला नाहीं." यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. अखेर असें ठरलें कीं, पळसगड सोडावा आणि भंडारगडाकडे सर्वांनीं मिळून जावें. पुतण्यानें उत्तरेकडे एकवार पाहिलें, दादांची पिशवी स्वतःच्या पिशवीवर बांधली आणि तो चालूं लागला.

भंडारगडाची वाट रानांतून जाते व एका खिंडीशीं उतरून पुन्हां चढते. पलीकडच्या कड्यावरून दिसणारे सुळके हें या धारेचें खरें वैभव. वजीर, नवरा, नवरी, भटोबा अशीं नांवें लोकांनीं त्यांस दिलीं आहेत. नवरा-नवरी समोरासमोर आणि लग्न लावणारे भटजी जवळच उभे. कधींकाळीं दगड झालेलें हें वऱ्हाड अजून मुहूर्ताची वाट पाहत आहे असें वाटावें. सूनबाईंनीं तें दादांस दाखविलें तेव्हां ते म्हणाले, "भटजी तेवढे उन्हांत तिष्ठत आहेत, दक्षिणेचा कांहीं पत्ता नाहीं." सारी मंडळी हंसली, पुतण्याही हंसला. खालीं उतारावरच्या सागाच्या रानापलीकडे दूरवर तानसेचें पाणी ऊन्हांत चमकत होतें.

चारच्या सुमारास आम्ही शिडीखालीं उतरलों तेव्हां एक लिटर पाणी शिल्लक होतें. दादांचा गुडघा खरोखरच सुजला व उतरतांना वाटाड्या आणि पुतण्या यांनीं त्यांस आळीपाळीनें आधार दिला. वहिनींचें म्हणणें खरें ठरलें म्हणून कोणी तें बोलून दाखविलें नाहीं, हें आमच्या घरच्या रीतीस धरूनच झालें. पळसगड मात्र राहिला. पुतण्या परदेशीं गेला. ती रुखरुख त्यास आहे, मलाही आहे.

ज्या कुटुंबांस अशी सहल करावयाची असेल त्यांस दोन शब्द सांगतों. मार्गशीर्ष-पौषांत जावें, फाल्गुनांत गेल्यास पाणी माणशीं चार लिटरांहून कमी नेऊं नये. गांवचा वाटाड्या घ्यावा व त्यानें सांगितलेलें ऐकावें. पावसाळ्यांत कातळ निसरडे होतात. त्या दिवसांत वृद्धांस वर नेण्याचा हट्ट धरूं नये. आणि धारेवर गेल्यावर किती गड पाहिले याच्या मोजणीपूर्वीं, बरोबर निघालेलीं सारीं माणसें बरोबर आहेत कीं नाहींत, याची मोजणी करावी.