रद्दीतला वेताळ

रविवार, रात्र.

आज कन्नमवार नगरातल्या रद्दीच्या दुकानात तासभर गुडघे टेकून बसलो होतो. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखालून इंद्रजाल कॉमिक्सचा एक अंक निघाला. मराठी, वेताळाचा. पिना गंजलेल्या, कोपरा वाळवीनं खाल्लेला. पण मुखपृष्ठ शाबूत! घरी येऊन पंख्याखाली वाळत घातला आणि मग बघतच राहिलो.

ली फॉकचा हा चित्रकथानायक वेताळ १९३६ सालचा, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधीचा. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं तेही त्याच्याच गोष्टीनं. आतली चित्रं परदेशी वृत्तपत्रांतल्या पट्ट्यांची, चौकटींना कात्री लावून पानात बसवलेली. मुखपृष्ठं मात्र इथली. सुरुवातीची कितीतरी बी. गोविंद यांनी रंगवली. ब्रशचे फटकारे दिसतात, घोड्याच्या मानेवरचा ताण दिसतो. माझ्या मते ती आतल्या चित्रांपेक्षा सरस आहेत. अशा चित्रकारांची नावं आपण सिनेमाच्या पोस्टरवाल्यांइतकीही जपली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लहानपणी आम्हा चाळीतल्या पोरांत एकच अंक दहा हातांतून फिरायचा. परत यायचा तेव्हा पहिलं पान गेलेलं असायचं. म्हणूनच आज मुखपृष्ठासकट अंक मिळणं दुर्मीळ. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. त्यानंतर उरलं ते फक्त माळ्यांवर.

तुमच्या माळ्यावर असा गठ्ठा असेल तर तो किलोवर घालू नका. आधी एकेक मुखपृष्ठ उजेडात धरून पाहा.