खाली वाकून बघायला काय जात होतं?

वर्कशॉपने दिलेलं इस्टिमेट मी अजून फाडलेलं नाही. ‘गिअरबॉक्स ओव्हरहॉल’ असं लिहून पुढे पंचावन्न हजारांचा आकडा टाकला, तेव्हा गाडी लिफ्टवर चढलेलीसुद्धा नव्हती. फोरमन ड्रायव्हरच्या सीटवर बसला, लीव्हर दोनदा हलवला आणि उतरून लिहायला लागला. त्या दोन मिनिटांचा संताप माझ्या डोक्यातून जात नाही.

गाडी फोक्सवॅगनची टी-टू, सत्तरच्या दशकातली. मागे झोपायची फळी, छोटा ओटा, पाण्याचा कॅन. आमच्या पुण्याकडे असल्या कुठल्याही गाडीला लोक सरसकट मॅटाडोर म्हणून मोकळे होतात, कारण बजाज टेम्पोची मॅटाडोर आकुर्डीत तयार व्हायची आणि गावोगावी दिसायची. मी आता राहते त्या चेन्नईत जुन्या माणसांना ती बघून स्टँडर्ड ट्वेंटी आठवते. ती व्हॅन इथे मद्रासमध्येच बनायची. टी-टूची गोष्ट मात्र वेगळी. इंजिन पार मागे, गिअरबॉक्स त्याच्या पुढ्यात, आणि लीव्हर ड्रायव्हरजवळ. मधलं अंतर एक लांब दांडा तोडतो. लीव्हर डावीकडे-उजवीकडे केला की हा दांडा स्वतःभोवती फिरतो, पुढे-मागे केला की सरकतो. मागच्या टोकाला एक जोड आहे, त्यात प्लास्टिकचे बुश. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं सगळं कळेल.

डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग वादळ आलं आणि वेलचेरीत आमच्या गल्लीत पाणी साचलं. गाडी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी होती. नंतर काही महिने ती नीट चालली. मग हळूहळू पहिला आणि दुसरा गिअर सापडेनासे झाले. तिसरा-चौथा बिनतक्रार पडायचे, पण पहिल्यासाठी लीव्हर डावीकडे नेला की वरणात डाव फिरवावा तसा तो नुसता फिरायचा. रिव्हर्सचीही तीच गत. सिग्नलला तिसऱ्यावर गाडी उचलताना क्लचचा वास यायचा आणि माझा जीव तुटायचा.

वर्कशॉपमध्ये मी हे सगळं क्रमाने सांगितलं. इंजिन बंद असतानाही गिअर पडत नाहीत, हेही सांगितलं. हा मुद्दा साधा आहे. क्लच नीट सुटत नसेल तर गिअर चालू इंजिनवर अडतात, खरखरतात. इंजिन बंद केलं की मुकाट्याने पडतात. बंद गाडीतही पडत नसतील तर क्लचला दोष देण्यात अर्थ नाही. मग दोष लीव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत, नाहीतर गिअरबॉक्सच्या आत. त्यातही जोडणी आधी बघायची, कारण ती बाहेर आहे आणि बघायला पैसे पडत नाहीत.

फोरमनने माझ्याकडे न बघता शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला सांगितलं, ‘‘सर, मॅडम क्लच पूर्ण दाबत नसतील. सिंक्रो गेले. शिवाय पुराचं पाणी आत शिरलंय.’’ सिंक्रो म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर अलगद पाडणाऱ्या रिंगा. माझ्या नवऱ्याला ही गाडी चालवताच येत नाही. तो तसं म्हणालाही. तरी पुढची सगळी बोलणी त्याच्याशीच झाली.

पाणी शिरलं असतं तर गिअरबॉक्सचं तेल दुधाळ झालं असतं. ते काढलं तेव्हा मी समोर होते. काळपट, पण स्वच्छ तेल. तळाच्या प्लगवरही धातूचा कीस नव्हता. मी ते दाखवलं. ‘‘उघडल्यावर कळेल मॅडम,’’ असं उत्तर मिळालं. दुसरी कुठे सोय नव्हती, गाडी तिथेच सोडून आले.

आता जे सांगते ते मला अजून पचत नाही. या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी इंजिन काढावं लागतं आणि मग तो दांडा सोडवावा लागतो. दांड्याच्या जोडाला चौकोनी डोक्याचा एक स्क्रू असतो, तो सैल होऊ नये म्हणून तारेने बांधलेला. ती तार कापायची, स्क्रू काढायचा, जोड गिअरबॉक्सपासून मोकळा करायचा. म्हणजे ज्या जोडात बिघाड होता तो त्यांच्या हातात आला होता. बोटाने हलवला असता तरी खुळखुळला असता. त्यांनी तो बाजूला लटकत ठेवला, शाबूत गिअरबॉक्स उघडला, सील बदलले, गॅस्केट बदललं, पुन्हा सगळं बसवलं आणि तोच जोड त्याच स्क्रूने घट्ट केला. वर नवी तारही बांधली! बिलात सिंक्रोच्या रिंगा लावल्या होत्या. जुन्या मागितल्या तर भंगारात गेल्या म्हणाले.

गाडी घेऊन निघाले. पहिला गिअर पडला नाही.

शेवटी पुदुपेट्टैच्या जुन्या पार्टांच्या बाजारात एका दुकानदाराने एका वृद्ध फिटरचा पत्ता दिला. तरुणपणी ते स्टँडर्ड मोटर्समध्ये कामाला होते. १९८८मध्ये गाड्या बनणं थांबलं, तेव्हापासून घरीच दुरुस्तीचं काम करतात. सगळे त्यांना अय्या म्हणतात. त्यांनी लीव्हरला हातही लावला नाही. पोतं अंथरून गाडीखाली गेले आणि खडूने दांड्यावर पुढे एक रेघ मारली, मागे जोडापलीकडे गिअरबॉक्सच्या आसावर दुसरी. मला म्हणाले, ‘‘अम्मा, तुम्हीही खाली या.’’ त्यांचा नातू वर लीव्हर हलवत होता. पुढची रेघ डावीकडे वळली. मागची जागची हलली नाही. मग पुढची बरीच वळल्यावर मागची नखभर सरकली. टॉर्चच्या उजेडात जोडातले बुश दिसले: पिवळे पडलेले, तडकलेले, एकाचा अर्धा भाग गायब. त्या शेजारीच ती नवी तार चकचकत होती.

नवे बुश मागवले असते तर मिळालेही असते. ब्राझीलमध्ये ही गाडी २०१३च्या अखेरपर्यंत बनत होती, त्यामुळे जगात तिचे सुटे भाग अजून निघतात. पण अय्यांनी अंबत्तूरला एका लेथवर नायलॉनच्या दांड्यातून कातून आणले. लीव्हरखालची वाटी चिखलाने भरली होती, ती धुऊन ग्रीस भरलं. दुसरा गिअर टाकून जोड बसवला, लीव्हर उभा करून घेतला. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे एका हाताच्या ढकलीत. त्यांनी फक्त लेथवाल्याचे पैसे घेतले. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, बघायचे कसले पैसे?

इथेच माझं त्यांच्याशी पटत नाही. बघण्याचेच तर पैसे द्यायला हवेत. नायलॉनचे दोन तुकडे विकून कुठल्याही वर्कशॉपचं भाडं निघणार नाही. ओव्हरहॉल लिहिलं तर निघतं. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, निदानाचे देत नाही, म्हणून फोरमनलाही पार्ट दिसायला लागतात. जुनी गाडी असणाऱ्यांनी काम देतानाच तपासणीचे वेगळे पैसे ठरवावेत, आणि काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत मिळेल हे लिहून घ्यावं. तेलाचंही बघावं. या गिअरबॉक्सला जीएल-फोर लागतं. जीएल-फाइव्हमधली रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात. आमच्या गाडीत त्यांनी जीएल-फाइव्हच भरलं होतं, ते अय्यांनी काढायला लावलं.

एवढं सगळं होऊनही एक गोष्ट मान्य करायला हवी. पोर्चमध्ये गाडीखाली कायम तेलाचा डाग पडायचा, तो नव्या सीलनंतर बंद झाला. ते काम त्या वर्कशॉपच्या पोरांनी चोख केलंय. पण सिंक्रोच्या रिंगांचे पैसे मी परत मागितलेत आणि ते मागत राहणार आहे. परवाही फोन केला. फोरमन म्हणाला, ‘‘सरांना बोलायला सांगा.’’